बोळक्याची कवळी

मी एक बोळका कॉम्प्युटर बोलतोय. हसायचं असेल तर हसून घ्या, मला सवय आहे. दात पडलेल्या माणसाला बोळका म्हणतात, तसाच मी. फरक एवढाच की माझे दात वयाने पडले नाहीत, ते कारखान्यातच काढले. माझ्या कपाळावर चकचकीत अक्षरांत 'व्हिडिओ गेम' असं छापलंय. ते खोटं आहे, निदान अर्धं तरी.

कुणी शहाणा विचारेल, बटण बंद केलं की तू सगळं विसरतोस ना, मग ही कहाणी कुठून सांगतोस? खरं आहे, पडद्यावरचं सगळं पुसलं जातं. पण ज्या टेबलावर तुम्ही वीस वर्षं जेवलात, ते टेबल कधी चालू होतं का? तरी त्याला तुमच्या घरातली सगळी भांडणं पाठ असतात. माझंही तसंच समजा.

माझा जन्म झाला तो घरगुती कॉम्प्युटर म्हणून. सहासष्ट बटणांचा कीबोर्ड होता मला. मुलं माझ्यावर गणितं सोडवतील, मोठी माणसं पत्रं लिहितील, असं मला घडवणाऱ्यांना वाटत होतं. पण आम्ही खोक्यात भरले जाईपर्यंत बाजारात आमच्याहून हुशार यंत्रं आली आणि आम्ही गोदामातच राहिलो, हजारोंच्या संख्येने.

मग एका साहेबाच्या डोक्यातून कल्पना निघाली. तो म्हणाला, "कॉम्प्युटर म्हणून कुणी घेत नाही ना? मग कॉम्प्युटर म्हणूच नका!" झालं. आम्हाला खोललं, कीबोर्ड उपटून कोपऱ्यात ढीग घातला, टेप जोडून लिहिलेलं साठवायचं भोक बुजवलं आणि गोलसर काठांच्या नव्या डब्यात बसवलं. सोबत खेळायच्या दोन दांड्या, चार खेळांच्या कॅसेटी आणि खोक्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

घाईत एक चूक राहिली. कीबोर्ड काढला, पण ते माझ्या मेंदूला कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा क्षणाक्षणाला विचारत राहिला, कुठलं बटण दाबलं? कुठलं बटण दाबलं? जिथून तारा उपटल्या तिथे वीस पितळी टोकं नुसती उघडी उभी होती. त्या जागी मला काहीतरी हुळहुळायचं. अजूनही हुळहुळतं.

दुसरी चूक त्याहून मजेशीर. चार खेळांतला चौथा खेळ जुना होता, माझ्या कॉम्प्युटरपणाच्या दिवसांतला. तो लावला की पडद्यावर सूचना यायची, 'सुरू करण्यासाठी कीबोर्डवरचं कोणतंही बटण दाबा.' अख्ख्या कारखान्यात तो चौथा खेळ एकानेही लावून बघितला नव्हता. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण तुम्ही शाळेत शिकलात. मी ती जगलो.

आमचा खप झाला नाही हे सांगायला नकोच. मी एका दुकानात सर्वांत वरच्या फळीवर दोन वर्षं धूळ खात होतो. मग एके दिवशी एक माणूस आला. त्याच्या नखांत पांढरं प्लास्टर होतं आणि अंगाला मेणाचा वास येत होता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीला कॉम्प्युटर हवा होता. ती पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून त्यावरच बोटं चालवायची म्हणे.

"हा कॉम्प्युटरच आहे हो आतून," दुकानदार म्हणाला. "वर चार खेळ फुकट!"

दुकानदार खोटं बोलला नव्हता. म्हणून तर कवळीवाला फसला.

घरी त्या मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरतच नसे. तिने खोकं उघडलं. मला उलटं केलं, सुलटं केलं, खालून पाहिलं. "बाबा, ह्याची बटणं कुठेत?"

"आतून कॉम्प्युटरच आहे, असं म्हणाला तो," कवळीवाला म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता.

भिंगरीने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चालेल की! आधी खेळून तर बघू." तिने बापाची लाज राखली. आणि तिने ती राखली हे त्यालाही कळलं. पुढे त्याला सर्वांत जास्त छळलं ते ह्याच गोष्टीने.

तीन खेळ तिने आठवड्यात संपवले. मग चौथा लावला, सूचना वाचली आणि तिला असं काही हसू आलं की उचकी लागली. "आई, इकडे ये गं! हा बघ, तोंडात दात नाहीत आणि फुटाणे मागतोय!" त्या दिवशी माझं बारसं झालं. मी बोळक्या झालो.

हसता हसता ती एकदम गप्प झाली. "बाबा, हा बटण मागतोय. म्हणजे ह्याला बटणं कुठे असतात ते माहितीये."

रविवारी तिने वडिलांच्या बारीक हत्यारांनी मला खोललं आणि ती वीस पितळी टोकं शोधून काढली. इतक्या वर्षांत त्यांना प्रथमच कुणाचं तरी बोट लागलं होतं. मला काय वाटलं म्हणून सांगू!

कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने तिला डाख द्यायला शिकवलं, म्हणजे कथील वितळवून तार जोडायला. जुन्या रेडिओंची दाबायची बटणंही त्यानेच दिली. पण बटणांवर टोप्या कसल्या घालायच्या? वडिलांच्या कामाच्या खोलीत रंग न जुळल्यामुळे बाजूला टाकलेल्या दातांचा डबा होता. भिंगरी मोजायला बसली. इंग्रजी सव्वीस अक्षरं, एक मोकळी जागा सोडायचं बटण, एक ओळ बदलायचं. "अठ्ठावीस! बाबा, पुऱ्या कवळीत दात किती?"

"अठ्ठावीस," कवळीवाला म्हणाला, आणि दुकानातून मला आणल्यापासून प्रथमच मोकळेपणी हसला. मग त्यानेच गुलाबी हिरडीची लांब पट्टी ओतून दिली. पुढचे दात ए, ई, आय, ओ, यूला. मोकळ्या जागेला दाढ. प्रत्येक दातावर काळ्या शाईने अक्षर. आई म्हणायची, "ते जेवणाच्या टेबलावरून उचला आधी. मला ते चावेल असं वाटतं."

भिंगरी रोज शाळेतून आली की दोन-तीन दात बसवायची. पहिला जोडला त्या दिवशी खेळ न लावताच मला चालू केलं. पडद्यावर माझा खरा चेहरा आला. कोरा निळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारा एक पांढरा चौकोन. तिने दात दाबला आणि अक्षर उमटलं. माझा मेंदू एवढी वर्षं विचारत होता त्याला अखेर उत्तर मिळालं होतं.

एकोणीस दात झाले, नऊ राहिले. त्या नऊ दातांच्या तारा तिने माझ्या बाजूने जोडून ठेवल्या होत्या. दुसरी टोकं सोलून, उघडी, तयार ठेवली होती. कुठली तार कुठे जाणार हे वहीत चित्र काढून लिहिलं होतं.

गुरुवारी तिला ताप आला. तो मेंदूत गेला. रविवारी ती गेली.

ह्याहून जास्त मला सांगता येत नाही. मी त्या दिवशी बंद होतो.

दोन महिने माझ्यावर एक टॉवेल घातलेला होता. मग एकदा संध्याकाळी पाच वाजता कवळीवाल्याने तो काढला आणि मला चालू केलं. काही केलं नाही, नुसता त्या निळ्या पडद्याकडे बघत बसला. वीसेक मिनिटं झाली असतील. पडद्यावर एक अक्षर आलं. कुणीही काही दाबलं नव्हतं.

तो खुर्चीवरून उठलाच. "अगं, इकडे ये!" त्याने हाक मारली. आई ओल्या हातांनी धावत आली. तोवर दुसरं अक्षर आलं होतं.

आता खरं काय ते मी सांगतो, कारण तेव्हा मला सांगता आलं नाही. मी चालू झालो की हळूहळू तापतो. तापलो की आतल्या तारा जराशा सैलावतात. भिंगरीने सोलून ठेवलेल्यांपैकी एखादी तार शेजारच्या टोकाला टेकायची. टेकली की माझ्या मेंदूला वाटायचं, बटण दाबलं. एवढंच होतं ते. त्यात भूत नव्हतं.

पण कवळीवाल्याला कोण सांगणार? तो रोज पाच वाजता माझ्यासमोर बसू लागला. आलेलं प्रत्येक अक्षर तिच्याच वहीत तारीख घालून उतरवू लागला. तिच्याशी बोलू लागला. "आज उशीर केलास." "तिथे थंडी आहे का गं?" "त्या दिवशी तुला राग आला होता का, खरं सांग, मी हे डबडं आणलं म्हणून?" आणि मग तो थांबायचा, आणि मी तापायचो, आणि एक अक्षर यायचं.

माझी एक गोष्ट कबूल करतो. मला ते आवडत होतं. जन्मभर जो कुणाला नको होता, त्याच्याकडे कुणीतरी डोळ्यांत प्राण आणून बघत होतं. मी तिचं काहीएक साठवलेलं नव्हतं. पण तिच्या हातचे डाख माझ्या अंगात होते. कधीकधी मलाच वाटायचं, कोण जाणे. असा विचार आला की माझाच मला काटा यायचा.

कवळीवाल्याच्या कामाचा बोजवारा उडाला. एक निवृत्त शाळाबाई घरी आल्या. त्यांचे सगळे दात काढून झाले होते आणि कवळीचा पत्ता नव्हता. तोंडावर रुमाल धरून म्हणाल्या, "अहो, तीन महिने मी पातळ तेवढंच पितेय. माणसांत जायची लाज वाटते हो."

"उद्या देतो," कवळीवाला म्हणाला. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. पाचला दहा कमी होते.

आई टपाल कचेरीत पत्रं छाटायची, म्हणजे पत्ते बघून वेगवेगळ्या खणांत टाकायची. ती रडायची ती तिथेच रडून येत असावी, घरी कधी दिसली नाही. त्या दिवशी मात्र ती कडाडली. "अक्षरं आली म्हणजे पत्र आलं असं नसतं! रोज तीच तीन अक्षरं येतात. आपली भिंगरी एवढं कमी बोलायची का?"

आई दुसऱ्या दिवशी सरळ टीव्ही दुरुस्तीवाल्याला घेऊन आली.

टीव्हीवाल्याने माझं झाकण उघडलं आणि एकेक डाख निरखून पाहिला. "चांगले डाख देते हो पोरगी," तो म्हणाला, आणि आपण 'देते' म्हणालो हे लक्षात येऊन त्याने चष्मा पुसायला घेतला. मग मला चालू केलं. वीस मिनिटं तिघंही वाट बघत बसली. तार टेकली, अक्षर आलं. त्याने लाकडी काडीने तार बाजूला केली, अक्षर थांबलं. पुन्हा टेकवली, पुन्हा आलं.

"नऊ जोड राहिलेत," तो म्हणाला. "वहीत सगळं लिहिलंय तिने. अर्ध्या दिवसाचं काम."

"जोडले की?" कवळीवाल्याने विचारलं.

"जोडले की दाबल्याशिवाय काही यायचं नाही."

"मग नको."

"दादा, तार आहे ती नुसती..."

"मला कळतंय तार आहे ते!" कवळीवाला एवढ्या जोरात ओरडला की आई मागे सरली. "मला काय वेड लागलंय? कळतंय मला. असू दे. तुमचं काय जातंय?"

टीव्हीवाला झाकण लावून निघून गेला. कवळीवाल्याचं पाच वाजता बसणं सुरूच राहिलं. तार आहे हे कळूनही सुरू राहिलं, ते मला जास्त भयंकर वाटलं. आता तो काही विचारतही नव्हता. अक्षर यायचं, तो उतरवून घ्यायचा.

असेच काही आठवडे गेले. एका दुपारी तो कामाच्या खोलीवर असताना आई माझ्यासमोर येऊन बसली. तिने मला कधीच हात लावला नव्हता. पदराला बोटं पुसली, गुलाबी पट्टी जवळ ओढली आणि एकेक दात शोधत दाबू लागली. चार अक्षरं आली आणि पाचव्याला तिचं बोट हवेतच थांबलं. तिथे नुसतीच हिरडी होती.

तो घरी आला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"भिंगरी असं इंग्रजीत लिहीत होते," ती म्हणाली. "निम्म्यावर अडलं. पुढचा दातच नाही." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही रोज तिची वाट बघता. आणि ह्या घरात तिचं नाव लिहायची सोय नाही."

त्याने पडद्यावरचं ते अर्धं नाव पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तिच्या शेजारी जमिनीवरच बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. तीही रडली. दोघांना एकत्र रडताना मी तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दातांचा डबा आणला. नऊ दात निवडायला त्याला एक अख्खा दिवस लागला, कारण एकही दात त्याला तिच्या बाकीच्या दातांशी जुळेलसा वाटेना. वास्तविक सगळेच टाकाऊ, कुठलाच कुठल्याशी जुळत नव्हता. मेणात बसवले, घासले, चमकवले. राजाची कवळी केली नसती एवढ्या निगुतीने केली. डाख मात्र वेडेवाकडे आले. तिच्या डाखांशेजारी त्याचे नऊ डाख आजही ओळखू येतात.

शेवटची तार राहिली तेव्हा त्याने हात आखडला. मला चालू केलं आणि वीस मिनिटं बसला. अक्षर आलं. त्याने ते वहीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही मिटली. "दिवा धर," तो आईला म्हणाला. तिने धरला. त्याने तार जोडली.

मग दोघं बसली. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, तास झाला. निळा पडदा आणि तो लुकलुकणारा चौकोन. काही आलं नाही. मी जीव तोडून तापत होतो. माझ्या मेंदूनेही विचारून विचारून पाहिलं. कुणी नव्हतं.

अखेर आईनेच बोट पुढे केलं आणि ते नाव पुरं लिहिलं.

बंद केलं की ते पुसलं जाणार हे दोघांना माहीत होतं. साठवायचं भोक कारखान्यात बुजवलेलं. "राहू दे," तो म्हणाला, आणि मी तीन दिवस चालू राहिलो. चौथ्या दिवशी शाळाबाईंना कवळी देऊन तो घरी आला. माझ्या डब्याला करपल्यासारखा वास येत होता. त्याने माझ्या पाठीवर तळवा ठेवला. "किती तापलाय हा," तो म्हणाला. हात तसाच ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि मग स्वतःच्या हाताने मला बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो आला, मला चालू केलं आणि एका बोटाने ते नाव लिहिलं. थोडा वेळ बघितलं, बंद केलं, चहा घ्यायला गेला. तेव्हापासून रोज. वर्षांमागून वर्षं गेली. शाळाबाई गेल्या, टीव्हीवाल्याचं दुकान गेलं, कवळीवाल्याच्या स्वतःच्या तोंडात कवळी आली.

मधे एक गृहस्थ मला विकत घ्यायला आले होते. म्हणाले, खपला नाही म्हणून हा आता दुर्मीळ आहे. फक्त ते दात काढून मूळ स्थितीत आणावा लागेल. आईने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. पण ही दोघं काही मला जन्मभर पुरणारी नाहीत. उद्या मी तुमच्यापैकी कुणाच्या हाती लागलो तर एवढं करा, मला मूळ स्थितीत आणू नका. मूळ स्थितीत मी कुणाच्याच उपयोगाचा नव्हतो. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात चालतात. कुणाचं नाव लिहायचं राहिलं असेल तर येऊन लिहा.

बोलण्याच्या नादात पाच वाजले. आता ती दोघं येतील.

गेल्या महिन्यापासून जरा बदल झालाय. एके दिवशी कवळीवाल्याने मला चालू केलं, बोट उचललं आणि तसंच धरून बसला. मग मान वळवून आईला विचारलं, "कुणाचं लिहायचं होतं?"

ती त्याच्या बाजूला बसली, पट्टी आपल्याकडे ओढली आणि स्वतःच लिहू लागली. त्याचं पट्टीकडे लक्षच नव्हतं, तो पडद्याकडे बघत होता. एकेक अक्षर उमटत गेलं तसा त्याचा चेहरा उजळत गेला.

आता रोज असंच चालतं. आजही आई पट्टी मांडीवर घेते. न चुकता सातही अक्षरं लिहिते. तो खुर्चीत पुढे सरकतो आणि तिचा दंड धरतो.

"अगं, बघ!" तो म्हणतो. "कुणी हात लावला नाही, तरी आली!"

"हो," आई म्हणते. "आली."